जमुनाबाईची चौकी

गुरुवारी संध्याकाळी आमच्या सडकेवरून कोणी नुसतं चालत गेलं असतं, तरी एकाही घरात न शिरता त्याला अख्खा एपिसोड ऐकू आला असता. क्वार्टरांच्या भिंती एकमेकींना लागून, दारं-खिडक्या उघड्या आणि प्रत्येक खिडकीतून तोच आवाज. आधी एक लांबलचक, घुमणारी शीळ. मग रेडिओसारखी खरखर. मग एक जड पुरुषी आवाज, "चौकी नौ... चौकी नौ... क्या आप सुन रहे हैं?" कोपऱ्यावरचे तेलुगू अण्णा स्कूटर पुसायचे थांबत. समोरच्या बंगाली काकू गॅस बारीक करून हात पुसत बाहेरच्या खोलीत येत. स्टील प्लांटचा भोंगा दिवसातून कितीदा तरी वाजे, त्याला कोणी मान वर करून बघत नसे. या शिळेला मात्र सडक थांबायची. आणि आमच्या घरातून आईचं उत्तर जायचं, "आयकून राहिलो बापा, बोल." दारावर आलेल्या माणसाला म्हणावं तसं, अगदी गंभीरपणे. आम्ही हसलो तरी तिला त्याचं काही नसे.

बाबा प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. घरात आम्ही तिघंच. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्याखाली बाबांच्या पुस्तकांची फळी, आणि फळीखाली लग्नात आलेल्या पेटीवर ठेवलेला काळा-पांढरा टीव्ही. बाबांना पुस्तकांचं वेड. पगार झाला की एक तरी पुस्तक यायचंच, आणि जेवताना ते त्यातलं मोठ्यानं वाचून दाखवायचे. आई भाकरी थापता थापता ऐकायची. ती सातवीपर्यंत शिकलेली. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी लग्न होऊन भिलाईला आली आणि तेव्हापासून तिच्या हातात पेन आलं ते फक्त किराण्याची यादी करायला. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मंगळवार माझा आणि बाबांचा, गुरुवार आईचा. मंगळवारी 'पाँच पुड़िया' लागायचं. अर्ध्या तासात पाच छोट्या नकला आणि सगळ्या नकला करणारी तीच चार माणसं. आत्ता जो हवालदार होता तोच पाच मिनिटांनी नवरदेव, तोच मग दवाखान्यात झोपलेला म्हातारा. त्यांच्याकडे सामान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक दार. ते दार नीट लागायचं नाही. लावलं की दोन बोटं उघडं राहायचं आणि त्या चौघांनी त्या दाराचंच एक पाचवं माणूस करून टाकलं होतं. कोणी गुपित सांगायला लागलं की दार हळूच उघडायचं. सगळे त्याच्याकडे बघायचे. कोणी एक शब्द बोलायचं नाही. त्या गप्प बसण्याला बाबा इतके हसायचे की त्यांचा आवाजच बंद व्हायचा. नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी. बाबांना असं हसताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

मी मात्र त्यातल्या उंच बाईंवर जीव टाकून होते. पदराची जागा बदलली की त्या वेगळी बाई व्हायच्या. डोक्यावरून घेतला की गावाकडची सासू, कमरेला खोचला की शाळेची चपराशीण, खांद्यावर पिन लावून घट्ट बसवला की बँकेतली मॅडम. चेहरा तोच, तरी माणूस दुसरं. हे कसं होतं याचा मी आठवडाभर विचार करायचे आणि आरशासमोर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन करून बघायचे. मला हळूहळू कळलं की त्या आधी उभ्या राहायला शिकतात, बोलणं मागून येतं. मग मी सडकेवरच्या सगळ्यांचं उभं राहणं चोरायला लागले. माझी मैत्रीण चंदा, मागच्या सडकेवर राहणारी छत्तीसगढी पोरगी, माझी पहिली प्रेक्षक. मी बंगाली काकूंसारखं फाटकाला टेकून उभी राहिले, तोंडातून अक्षर काढलं नाही, तरी चंदा ओळखायची आणि जमिनीवर लोळायची.

आईला 'पाँच पुड़िया' आवडायचं नाही. "खोटं खोटं पडते थो," एवढंच म्हणून ती आत जायची. 'चौकी नौ' मात्र तिला खरं वाटायचं. दूर कुठल्याशा ग्रहावरची एक छोटी चौकी. चौकीच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या हे आम्हालाही दिसायचं. कोणी जोरात चाललं की अख्खं अंतराळ हलायचं. यंत्रं म्हणजे घरातल्या विजेची बटणं आणि लुकलुकणारे दिवे. पण लिहिणारा माणूस पक्का होता. तिथे राक्षस नव्हते, लढाया नव्हत्या. पाच माणसं आणि त्यांचं एकमेकांशी पटणं-न पटणं. पृथ्वीवरून निरोप यायला आठ महिने लागायचे, त्यामुळे तिकडे एखाद्या बहिणीचं लग्न लागलं हे कळेपर्यंत तिला दिवस गेलेले असायचे. त्या पाचांमध्ये जमुना नावाची एक मेकॅनिक होती, गडद कपड्यातली, केस मागे घट्ट बांधलेली. मालिका अर्ध्यावर आली तेव्हा बाकी चौघांना परतीचं यान मिळालं आणि चौकीचा दिवा चालू ठेवायला जमुना एकटी मागे राहिली. त्यानंतर आठवड्यामागून आठवडे पडद्यावर ती एकटीच. ती पाना फिरवते, ती खिडकीतून बघते, ती निरोपाची वाट बघते. अण्णा कंटाळले. काकूंनी बघायचं सोडलं. आई मात्र अजून पुढे सरकून बसायला लागली.

गुरुवारी ती स्वयंपाक लवकर आटोपायची. चंदाच्या आईकडून शिकलेले तांदळाच्या पिठाचे चिले आणि टमाटरची चटणी, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून. ताट मांडीवर घेऊन आम्ही तिघं पेटीसमोर बसायचो आणि आईचे प्रश्न सुरू व्हायचे.

"मले सांग माया, हे बाई पीठ कुठं दळते?"

"आई, तिथे पीठ नसते. जेवनाच्या गोळ्या रायतात. एक खाल्ली की झालं."

"गोळीनं पोट भरन. पन टाइम कसा जाईन तिचा?"

बाबा हसायचे. मीही हसायचे. आता वाटतं, त्या मालिकेवर इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नसेल. आठ महिन्यांच्या निरोपाचं तर तिला काहीच नवल वाटलं नव्हतं. "माह्या मायची चिठी बी पयल्या साली अशीच ये," ती म्हणाली होती. "वाचू तवा बातमी शिळी झाली राहे." माझी नात आज फोनवर परदेशातल्या मालिका बघते. त्यातली यानं खरीखुरी वाटतात, ग्रहांवर धूळ उडते. मी तिच्या शेजारी बसते, मलाही आवडतात. पण कोणी मला विचारत नाही की ही बाई पीठ कुठं दळते.

तर एका दुपारी शाळेतून आले तेव्हा आई अंगणात पाटावर बसून लिहीत होती. बाबांच्या आखीव कागदाचे दोन ताव. मला बघून तिने ते मांडीखाली घेतले, मग स्वतःच बाहेर काढले. टीव्हीवर रविवारी प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचे, त्या कार्यक्रमाला तिनं पत्र लिहिलं होतं. चार दुपारी लागल्या होत्या. "हिंदी तुही चांगली हाय," ती म्हणाली. "चुका दुरुस्त कर, फेअर कर, आन् टाकून दे. बाबाले सांगू नको. वाचलं तं अचानक आयकतील."

ते पत्र मला आजही शब्दन् शब्द येतं. "आदरणीय साहब को नमस्ते. हम भिलाई से लिख के राहिले. हमारे घर में सब लोग चौकी नौ देखते. जमुनाबाई को वहाँ अकेला कायको रखे? बाकी सब को छुट्टी मिली, उसको कायको नहीं मिली? उसको घर भेजो ऐसा हमारा बोलना नहीं, काम है तो करना पडता. पर सोबत के लिए कोई तो भी देना. आदमी भेजने को नहीं होता तो एक बकरी देना. बकरी के साथ बोल सकते, वो सुनती है." आणि दुसऱ्या पानावर, "जमुनाबाई के पीछे कुछ आवाज रखो. भांडे का तो भी रखो. इतना चुप घर में आदमी बिगड जाता. हम पहले साल साहब ड्यूटी पे गए कि दिवाल के साथ बोलते थे. दिवाल को भाभी बोलते थे. ये बात हमने किसी को नहीं बताई."

मी पंधरा वर्षांची होते. मला त्यात दिसलं ते 'लिख के राहिले', मला दिसली बकरी. अंगणात मी तोंड दाबून धरलं, आणि संध्याकाळी चंदाच्या घरी ते मोठ्यानं वाचलं. वाचत वाचत भिंतीच्या ओळीपाशी आले तेव्हा चंदा म्हणाली, "अरे ये तो पूरा पाँच पुड़िया है यार!" पत्र माझ्या वहीत राहिलं. आईनं दोन दिवसांनी विचारलं, "टाकली?" मी म्हटलं, "हो."

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. आमच्या विहारासमोर दर वर्षी मंडप पडायचा. सकाळी वंदना, दुपारी भाषणं, संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम आणि गोड बुंदी. गाणी आणि नाच दर वर्षीचेच, म्हणून समितीच्या काकांनी मला विचारलं, काही हसवणारं बसवतेस का? मी लगेच हो म्हटलं. मी आणि चंदा आठ दिवस मागच्या सडकेवर तालीम करत होतो. गोष्ट अशी: चौकीवर जमुनाच्या जागी चुकून आमच्या सेक्टरमधली एक बाई जाऊन पोचते. चंदा कमांडर, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. मी ती बाई. पदर डोक्यावरून घेऊन डाव्या हातानं दातात धरलेला, उजवा हात कमरेवर, पाय जरा फाकलेले. उभी राहिले की चंदा हसून सरळ उभी राहू शकायची नाही.

त्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष. आई तिसऱ्या रांगेत, नवीन पांढरं पातळ नेसून. मी मंचावर आले, नुसती उभी राहिले, आणि मंडप फुटला. मी तोंड उघडण्याआधीच. असं हसू अंगावर येतं तेव्हा काय होतं ते मी सांगू शकत नाही. पाय जमिनीवर राहत नाहीत. "कमांडर साब," मी म्हटलं, "इधर पीठ किधर पिसते?" हसू. "सब को छुट्टी, मेरे को कायको नहीं?" हसू. आईसुद्धा हसत होती. ती मला दिसत होती, शेजारणीच्या मांडीवर थाप मारत होती. तिला अजून ओळखू आलं नव्हतं, किंवा ओळखूनही कौतुकच वाटत होतं. मग बकरीचं वाक्य आलं. समितीचे काका खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले. आईचं हसू जरा थांबलं, ओठांवर तसंच राहिलं. आणि मी थांबले नाही. मी चौकीच्या पुठ्ठ्याच्या भिंतीकडे वळले, पदर सारखा केला आणि लाडीगोडीनं म्हटलं, "क्या भाभी, चाय हो गई? देखो, तुमको बताती हूँ, और किसी को नहीं बताई."

त्या वाक्याला सगळ्यांत मोठं हसू आलं. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. हात नीट समोर धरून, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच.

सकाळी ती चुलीशी, म्हणजे गॅसपाशी, पोळ्या लाटत होती. मी डबा घ्यायला गेले. तिनं लाटणं न थांबवता विचारलं, "चिठी टाकलीच नव्हती का वं तू?"

"नाई."

"बरं."

एवढंच. पोळी फुगली, तिनं ती उतरवली, डब्यात घातली, झाकण लावलं. मला वाटत होतं तिनं ओरडावं. एखादी थापड मारली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

बाबांना पत्राचं काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस ते ऑफिसातून हसत येत होते. सगळ्यांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "माया, थे भिंतीचं एकदा म्हन ना. क्या भाभी, चाय हो गई. कसं सुचलं वं तुले?"

मी भात कालवत राहिले. आई वाढत होती. ती म्हणाली, "म्हन ना. बाबाले आयकाचं हाय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी म्हणावं आणि हा विषय संपावा. मला ते सहन झालं नाही. मी उठले, वही आणली, त्यातून पत्र काढून बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. बाबांनी डावा हात पुसला आणि वाचायला घेतलं. एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आले. ते कधी काही मनात वाचत नसत, त्या दिवशी वाचलं. भात थंड झाला. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"हे तू लिवलं?"

"चुका हायेत," आई म्हणाली.

"दिवालीसंग बोलत होती तू?"

आई भाजीचं भांडं घेऊन आत गेली. बाबा माझ्याकडे वळले. मी मार खायची तयारी केली होती. ते फार हळू बोलले. "मी तुले भाषनं वाचून दाखवली, पुस्तकं आनली. बाईच्या जातीनं लिवावं म्हनून आपल्या लोकायनं काय काय केलं थे सांगतलं. आन् ह्या घरात एक बाई पयल्यांदा लिवून राहिली, तं तू तिले मंडपात उभी केली. जयंतीच्या दिवशी." मग, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "मले बी मालूम नव्हतं. सतरा वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र स्वतः पोस्टात टाकलं. मी फेअर करते म्हटलं, तर म्हणाले, "एक बी अक्षर बदलवाचं नाई. जसं हाय तसं जाईन." त्या पत्राचं उत्तर कधी आलं नाही. रविवारी बाबा न चुकता टीव्हीसमोर बसायचे, वाचलेल्या प्रत्येक पत्राचं गाव ऐकायचे, इंदूर, पटना, जालंधर. भिलाई आलंच नाही. आईनं त्याबद्दल कधी विचारलं नाही.

आणि गुरुवारी ती यायची बंद झाली. शीळ वाजली की ती अंगणात जायची. दोरीवरचे कपडे काढायचे, तांदूळ निवडायचे, मुनग्याच्या शेंगा तासायच्या, काही ना काही काम असायचंच. चिले करून ठेवायची. मी आणि बाबा पेटीसमोर बसायचो. जड आवाज विचारायचा, "क्या आप सुन रहे हैं?" आणि आमच्या घरातून कोणी उत्तर देत नसे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती मालिका मला आवडतच नव्हती. मला आवडायचं ते आईनं ती बघणं. तिच्या प्रश्नांशिवाय ती म्हणजे हलणारे पुठ्ठे आणि बटणं. जमुना खिडकीतून बघायची आणि मी अंगणाच्या दाराकडे.

असे कितीतरी गुरुवार गेले. मग जाहीर झालं की पुढचा भाग शेवटचा. त्या संध्याकाळी बघणं सोडून दिलेल्या सगळ्यांनी पुन्हा टीव्ही लावले. बाबा माझ्याआधी जाऊन बसले. मी आत आले नाही. अंगणात आईसमोर पाट ओढला आणि तिच्या सुपातले अर्धे तांदूळ माझ्याकडे घेतले. प्लांटकडच्या बाजूला गरम स्लॅग, भट्टीतला वितळलेला मळ, ओतला होता, आकाश त्या बाजूनं शेंदरी झालं होतं. शीळ वाजली, सडकभर. आम्ही दोघी खडे वेचत होतो. आत जमुना कोणाशी तरी बोलत होती. दुसरा आवाज बाईचा होता, नवीन. आईचा हात थांबला.

"कोन आलं?" तिनं विचारलं.

"मालूम नाई."

"तिच्याकडं कोनी आलं वाटते."

मी एक खडा वेचला. तिनं सूप खाली ठेवलं. "जा, पाय. मंग मले सांग. पन जसं होईन तसं सांगजो. नक्कल नको करू."

मी धावत आत गेले. वीस मिनिटं मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. बोट तोंडात घालून एक एक गोष्ट पाठ करत होते, कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, कितीदा थांबलं. शेवटची नावं पडायला लागली तशी परत आले आणि आईसमोर बसून सांगितलं. यान आलं. त्यातून चार नवी माणसं उतरली, त्यातली एक अगदी पोरसवदा मुलगी. ते म्हणाले, जमुना, तुझी सुटी, हे यान तुला घेऊन जाईल. जमुनानं पिशवी भरली. सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली. यानाच्या दारात उभी राहिली. ती नवी मुलगी एका यंत्रासमोर उभी होती आणि तिला ते चालू करता येत नव्हतं. चुकीचं बटण दाबत होती. जमुना बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, परत आत गेली आणि मुलीचा हात धरून बरोबर बटणावर ठेवला. यान तिच्याशिवाय गेलं.

सांगताना मी कोणाचाही आवाज काढला नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कोनी ठेवलं नाई तिले?"

"नाई. आपल्या मनानं राहिली."

"आन् आता चार जन हायेत तिथं."

"हो."

तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं. "बरं झालं," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "पन बकरी देली असती, तं तिचं मधातलं अख्खं साल बरं गेलं असतं." मी मान वर करून पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलत होता. मी हसले, ती हसली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तांदूळ अंगणात सांडले आणि बाबा आतून, "काय झालं? काय झालं?" करत बाहेर आले. त्यांना आम्ही सांगितलं नाही.

'चौकी नौ' आता कुठेच नाही. मी मुलाला शोधायला लावलं, स्वतःही शोधलं. तेव्हाच्या टेपवरच पुढे दुसरं काहीतरी भरत असत, असं कोणीतरी मला सांगितलं. 'पाँच पुड़िया'चा एक तुकडा सापडला, चार मिनिटांचा, दार त्यात आहे, उंच बाई नाहीत. तो मी इतक्यांदा पाहिला की नात वैतागली. पण जमुनाचा एक फोटोसुद्धा नाही. कधी कधी मला शंका येते की ती मालिका होती तरी का. असल्याचा पुरावा म्हणजे मी अंगणात बसून एका माणसाला ती सांगितली होती, आणि ते माणूस आता नाही.

बाबा गेल्यावर आई भिलाईजवळ बोरसीला बांधलेल्या घरात एकटीच राहायची. मी माझ्याकडे रायपूरला चल म्हणायचे, ती हसून विषय बदलायची. ती जायच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही तिच्या ओट्यावर उन्हात बसलो होतो. मी संत्रं सोलत होते. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, मंडपात मी थे बोलली, त्याचा तुले किती राग आला होता?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. "लई," ती म्हणाली. "तुह्या तोंडाकडं पाहू नाई वाटे." मी फोड तिच्या हातात दिली. तिनं ती तोंडात टाकली, बी काढली. "पन मंग आठ दिवसानं मी नळावर गेली, तं आपल्या सडकेवरच्या दोघी तिथं होत्या. त्यायनं आजूबाजूले पायलं आन् मले हळूच इचारलं. मंग विहारात अजून एकीनं इचारलं. सगळ्यायचा एकच सवाल."

"काय?"

"आमी दिवालीसंग बोलत होतो थे तुह्या पोरीले कसं मालूम झालं?"

मंडपात मोठ्यानं हसणाऱ्या त्या बायका मला डोळ्यांसमोर दिसत होत्या, तोंडाला पदर लावलेल्या. तो कशासाठी लावला होता हे मी इतकी वर्षं वेगळंच समजत होते.

"मंग तू काय सांगतलं त्यायले?"

"काय सांगू?" आई म्हणाली आणि पुढच्या फोडीसाठी हात पुढे केला. "म्हटलं, तिले मालूम रायते. हुशार हाय माही पोरगी."